बीपी वाढते, हृदय मुकाट्याने सोसते

रमजानचा चांद दिसला की घराघरातले वेळापत्रक बदलते. पहाटे सहरीला उठायचे, दिवसभर अन्नपाण्याशिवाय कामधंदा सांभाळायचा, मगरिबच्या अजानबरोबर रोजा सोडायचा आणि रात्री तरावीहला उभे राहायचे. या बदलात घरातल्या एका वस्तूकडे हमखास दुर्लक्ष होते. ती म्हणजे फ्रीजवर ठेवलेली बीपीच्या गोळ्यांची पट्टी. सकाळच्या चहाबरोबर घेतली जाणारी गोळी, चहाच बंद झाल्यामुळे मागे पडते. दोन दिवस जातात, आठवडा जातो, काहीच त्रास होत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. मग ‘गोळी नसली तरी तब्येत ठीक आहे, ईदनंतर बघू’ असा निर्णय परस्पर होऊन जातो. डॉक्टरांना विचारण्याची गरजही वाटत नाही.

हा निर्णय ज्या आधारावर घेतला जातो, तो आधारच फसवा आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे तो अंगात असतो आणि माणूस धडधाकट वावरत असतो. याचा अर्थ शरीराचे काही बिघडत नाही असा नाही. वाढलेल्या दाबाचे ओझे कुणीतरी उचलत असते म्हणून माणसाला ते कळत नाही. ते उचलणारे असते हृदय. आणि ओझे उचलता उचलता ते स्वतः बदलत जाते.

दोन आकड्यांचा अर्थ

रक्तदाब मोजला की दोन आकडे मिळतात. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते, त्या क्षणी रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो दाब येतो तो वरचा आकडा. हृदय सैल होऊन पुन्हा भरत असते, त्या वेळी उरलेला दाब म्हणजे खालचा आकडा. १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी, शांत बसून मोजल्यावरही आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब मानला जातो. जिना चढून आल्याबरोबर, चहा-सिगारेट झाल्यावर किंवा दवाखान्याच्या धास्तीने एखादा आकडा वाढू शकतो. म्हणून एका मोजणीवर शिक्का मारायचा नसतो. तसेच एखादा आकडा चांगला आला म्हणून गोळ्या सोडायच्याही नसतात. तो चांगला आला, तो बहुधा गोळ्यांमुळेच.

हकीम आणि वैद्य शेकडो वर्षे नाडी बघत आले. नब्जची चाल, तिचा जोर, तिचा ताल यांवरून ते बरेच काही ओळखत. पण दाबाचा नेमका आकडा नाडीला बोट लावून कळत नाही. तो कळू लागला १८९६ मध्ये इटलीतील रिवा-रोची या डॉक्टरांनी दंडाला बांधायचा पट्टा तयार केला तेव्हा. १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दोन्ही आकडे मोजण्याची रीत सांगितली. म्हणजे ज्या गोष्टीने आज घराघरात ठाण मांडले आहे, ती मोजता येऊ लागल्याला अजून सव्वाशे वर्षांच्या आसपासच झाली आहेत.

टाकीवर पाणी चढवणारी मोटार

हृदय साधारण ३०० ग्रॅम वजनाचे. दिवसाला सुमारे एक लाख वेळा ते धडधडते. विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला पाचेक लिटर, म्हणजे दिवसभरात सुमारे सात हजार लिटर रक्त ते पुढे ढकलते. संपूर्ण शरीराला रक्त पाठवण्याचे काम त्याच्या डाव्या खालच्या कप्प्याचे. या कप्प्याची भिंत निरोगी माणसात जेमतेम एक सेंटीमीटर जाडीची असते.

इमारतीच्या टाकीवर पाणी चढवणारी मोटार डोळ्यांसमोर आणावी. पाइप आतून अरुंद झाला, तरी टाकी रोज भरावीच लागते. मोटार जास्त जोर लावते. लोखंडाची मोटार तापते आणि एक दिवस जळते. हृदय मात्र जिवंत स्नायूचे बनलेले. ते लगेच जळत नाही, ते जाड होते. व्यायामशाळेत वजन उचलणाऱ्याचे दंड फुगतात, तशा डाव्या कप्प्याच्या स्नायूपेशी जाड होत जातात आणि भिंत फुगते. सुरुवातीला ही सोय कामी येते. दाब वाढलेला असूनही शरीराला पुरेसे रक्त मिळत राहते आणि म्हणूनच माणसाला काहीच जाणवत नाही.

पण दंड फुगणे आणि हृदयाची भिंत फुगणे यांत फरक आहे. पैलवानाचा दंड बाहेरच्या बाजूला वाढला तर बिघडत नाही. हृदयाची भिंत जाड होते ती आतली जागा अडवून. शिवाय पहाटे मेहनत केलेल्या दंडाला दिवसभर आराम मिळतो. रक्तदाब वाढलेल्या हृदयाला तो रात्री झोपेतही पुरेसा मिळत नाही. हळूहळू स्नायूंच्या मध्ये चिवट तंतू साचू लागतात. जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो, तसे. भिंत जाड तर होतेच, कडकही होते.

कडक झालेल्या हृदयाचे दुखणे आकुंचनात नसते, सैल होण्यात असते. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात त्याला मोकळे होऊन रक्ताने भरायचे असते. ते नीट मोकळेच होत नाही. मग मागे थांबलेले रक्त फुप्फुसांकडे दाब देऊ लागते. दोन जिने चढल्यावर लागणारी धाप ही त्याची पहिली खूण असू शकते. ती धाप माणूस वयाच्या नावावर टाकतो, वजनाच्या नावावर टाकतो.

याच वेळी वरच्या डाव्या कप्प्यालाही त्रास सुरू होतो. खालच्या कडक कप्प्यात रक्त ढकलताना तो ताणला जातो, मोठा होतो. ताणलेल्या कप्प्याची लय बिघडते आणि तो नियमित ठोक्यांऐवजी नुसता थरथरू लागतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, त्याची गुठळी होते. ती गुठळी मेंदूकडे गेली तर लकवा. घरच्यांना वाटते, लकवा अचानक मारला. त्याची तयारी हृदयात कित्येक वर्षे चाललेली असते.

तिसरी अडचण हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याची. जाड झालेल्या स्नायूला जास्त रक्त हवे असते, पण त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः ते सैल असते त्या क्षणी, आणि कडक हृदय तर सैलच होत नाही. त्यात सततच्या दाबाने मोठ्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खरवडले जाते आणि तिथे चरबीचे थर बसायला जागा मिळते. हा थर फुटून गुठळी झाली की हार्ट अटॅक.

एवढे सोसूनही दाब तसाच राहिला, तर शेवटी काही हृदये हात टेकतात. जाड झालेला कप्पा सैल पडून फुगतो आणि त्याची ढकलण्याची ताकदच कमी होते. मग पायांना सूज येते. रात्री आडवे झाले की दम कोंडतो. एका उशीच्या दोन होतात, दोनच्या तीन होतात, आणि एखाद्या रात्री माणूस उठून खिडकीपाशी जाऊन बसतो. डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नाही. शरीराची गरज भागवायला ते कमी पडते आहे, असा आहे.

एका राष्ट्राध्यक्षाचे हृदय

हा सगळा प्रवास एका जगप्रसिद्ध माणसाच्या बाबतीत आकड्यांसह नोंदवला गेला आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९३७ मध्ये १६२/९८ होता. १९४१ मध्ये तो १८८/१०५ वर गेला. त्यांचे खासगी डॉक्टर कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. वाढत्या वयात दाब थोडा वाढायचाच, किंबहुना शरीराला त्याची गरजच असते, अशी त्या काळी पुष्कळ डॉक्टरांची समजूत होती. राष्ट्राध्यक्षांची तब्येत चांगली आहे, असे जनतेला सांगितले जात होते.

मार्च १९४४ मध्ये, मुलीच्या आग्रहामुळे, हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले. रक्तदाब १८६/१०८, हृदय आकाराने वाढलेले, ओठ-नखे निळसर, छातीत पाणी साचल्याच्या खुणा. उच्च रक्तदाबामुळे हृदय निकामी होत चालले आहे, असे निदान झाले. रूझवेल्ट तेव्हा ६२ वर्षांचे होते आणि दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. ब्रुएन यांच्याजवळ उपाय होते ते इतकेच : डिजिटॅलिस हे जुने औषध, मीठ कमी, सिगारेट कमी, विश्रांती जास्त. यामुळे धाप कमी झाली, पण रक्तदाब उतरला नाही. त्याच वर्षी ते चौथ्यांदा निवडून आले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेला गेले. १२ एप्रिल १९४५ रोजी दुपारी त्यांनी डोक्याच्या मागच्या भागात भयंकर दुखत असल्याचे सांगितले आणि ते बेशुद्ध पडले. ब्रुएन यांनी मोजलेला रक्तदाब ३०० च्या वर होता, खालचा आकडा १९०. मेंदूतील रक्तस्रावाने काही तासांतच त्यांचे निधन झाले. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला जे उपलब्ध नव्हते, ते आज कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते : बीपी उतरवणारी साधी गोळी.

रूझवेल्ट यांच्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम सुरू झाले. ते पुढच्या पिढ्यांमध्येही चालू राहिले. वाढत्या वयात रक्तदाब वाढणे निरुपद्रवी असते ही समजूत याच अभ्यासाने खोटी ठरवली. १९९६ मध्ये त्यातून एक गोष्ट पुढे आली. ज्यांचे हृदय निकामी झाले, त्यांतील दर १०० पैकी ९१ जणांना आधीपासून उच्च रक्तदाब होता. पुढे २००२ मध्ये ६१ अभ्यासांतील दहा लाख लोकांच्या माहितीचा एकत्र विचार झाला. चाळीस ते सत्तर या वयात वरचा आकडा दर २० ने वाढला की हृदयविकाराने किंवा लकव्याने मृत्यू येण्याची शक्यता दुप्पट होते, असे त्यातून दिसले.

सर्पगंधेचे मूळ

रूझवेल्ट यांच्या डॉक्टरांकडे औषध नव्हते, त्या काळात हिंदुस्थानात एका वनस्पतीवर काम चालू होते. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे वैद्य-हकिमांच्या वापरात पूर्वापार होते. दिल्लीचे हकीम अजमल खान यांची इच्छा होती की युनानी-आयुर्वेदिक औषधे आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर तपासली जावीत. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांना दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनासाठी आणले. हकीमसाहेब १९२७ मध्ये वारले. सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळातून काही क्षारद्रव्ये वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला आपल्या उपकारकर्त्याच्या नावावरून ‘अजमलीन’ असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते, असे लिहिले.

जगाने त्याची दखल घेतली ती मुंबईमुळे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा देऊन रुग्णांचा रक्तदाब किती उतरतो याच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

गोष्ट इथे संपत नाही. बीपी उतरवल्याने खरोखर जीव वाचतो का, याचा पहिला ठोस पुरावा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून १९६७ मध्ये आला. रक्तदाब फार वाढलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले गेले. एकाला औषध, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषध न मिळालेल्या गटात २७ जणांना गंभीर दुखणी झाली, औषध मिळालेल्या गटात केवळ दोघांना. त्या औषधांमध्ये रेसर्पिनही होते. आज रेसर्पिन फारसे वापरत नाहीत, त्याहून सुरक्षित गोळ्या आल्या आहेत. म्हणून सर्पगंधेची मुळी परस्पर आणून घेणे धोक्याचेच. पण हकिमाची दूरदृष्टी, रसायनशास्त्रज्ञाची मेहनत आणि मुंबईच्या डॉक्टरांच्या नोंदी यांचा वाटा आजच्या उपचारांच्या पायात आहे, हे विसरता येत नाही.

या उपचारांची आणखी एक चांगली बाजू आहे. दाब आटोक्यात ठेवला तर जाड झालेली हृदयाची भिंत काही महिन्यांत, काही वर्षांत पुन्हा पातळ होऊ शकते. वण झालेला भाग पूर्ववत होत नाही, पण स्नायूची सूज उतरावी तशी जाडी उतरते आणि धोकाही कमी होतो. मात्र त्यासाठी गोळी रोज लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात तीस ते एकोणऐंशी वयाच्या सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांचे निदानच झालेले नाही.

रोजा, गोळी आणि मीठ

मग रक्तदाब असलेल्याने रोजे ठेवावेत की नाही? ज्यांचा रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात आहे आणि हृदय-मूत्रपिंड ठीक आहेत, अशा बहुतेकांना डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे ठेवता येतात. लंडनमधील मशिदींतल्या रोजेदारांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रमजाननंतर वरचा आकडा सरासरी सातने उतरलेला दिसला. म्हणजे रोजा हा रक्तदाबाचा शत्रू नाही. शत्रू आहे ती बंद पडलेली गोळी आणि इफ्तारचे ताट.

गोळीचे गणित सोपे आहे, फक्त ते आधी डॉक्टरांबरोबर मांडायला हवे. आजच्या बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात. ती एक वेळ इफ्तारची किंवा सहरीची ठरवता येते. दोन वेळा घ्यायची असेल तर इफ्तार आणि सहरी. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असेल तर ती विशेष विचारून घ्यावी, कारण दिवसभर पाणी नसताना शरीर कोरडे पडण्याची भीती असते. डॉक्टर तिची वेळ किंवा मात्रा बदलून देतात. काही गोळ्या एकाएकी बंद केल्या तर दाब उसळी मारतो, म्हणून मनाने बंद करणे सर्वांत वाईट. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजल्याने रोजा तुटत नाही. तेव्हा रमजानमध्ये मोजणी थांबवण्याचेही कारण नाही.

राहिले मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभर मिठाची मर्यादा सांगते. समोसे, भजी, फरसाण, पापड, फळांवर भुरभुरलेला चाट मसाला, सहरीला लोणचे आणि उरलेली निहारी, असा हिशेब केला तर ती मर्यादा एका बैठकीत ओलांडली जाते. काळे मीठ किंवा सैंधव वापरले म्हणून सुटका होत नाही, तेही मीठच. खजूर, फळे, दही, साधे पाणी आणि मग बेताचे जेवण, ही जुनी रीत हृदयाला मानवणारी आहे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी खजूर-फळांचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारावे. दिवसभर दूर ठेवलेली विडी-तंबाखू इफ्तारनंतर पुन्हा हाती धरण्याऐवजी याच महिन्यात कायमची सुटू शकते.

नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला आहे, हृदय निकामी होण्याचा त्रास चालू आहे किंवा औषधे घेऊनही दाब आटोक्यात येत नाही, अशांनी रोजाचा हट्ट धरू नये. आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची आणि कायमच्या आजाऱ्याला फिदिया देण्याची सवलत शरियतने दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. रोजा असताना छातीत दुखले, बोलताना जीभ अडखळली, एका बाजूचा हात लुळा पडला किंवा दम कोंडला, तर मगरिबची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तरावीहनंतर मोहल्ल्यात ओट्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर माणसे जमतात. ज्या गर्दीत इतकी माणसे भेटतात, तिथे एखाद्या डॉक्टराने, एखाद्या तरुणांच्या मंडळाने बीपीचे यंत्र घेऊन बसायला किती खर्च येणार? अब्बूंना, अम्मींना, चाचांना हाताला धरून त्या खुर्चीवर बसवायचे. ‘मला काही होत नाही’ असे ते म्हणतीलच. हृदय काही होऊ देत नाही म्हणून ते तसे म्हणतात. मिनिटभरात आकडा कळतो, आणि ज्याचा आकडा वाढलेला निघेल त्याच्या हृदयाला पुढची दहा-वीस वर्षे कमी सोसावे लागेल.